सात माणसांची गाडी: एसयूव्ही घ्यावी की एमपीव्ही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात आजी-आजोबा, नवराबायको आणि दोन मुले असली, अधूनमधून एखादी आत्या किंवा मावशी सोबत निघत असली, की पाच आसनांची गाडी अपुरी पडू लागते आणि सात आसनांच्या गाड्यांची चौकशी सुरू होते. या चौकशीत घरातील तरुण मंडळींचा कल बहुधा एसयूव्हीकडे, म्हणजे उंच तळाच्या रांगड्या गाडीकडे असतो, आणि एमपीव्हीचा, म्हणजे माणसे बसवण्याच्या सोयीसाठी बांधलेल्या खालच्या तळाच्या गाडीचा विषय कोणी काढलाच तर तो हसण्यावारी जातो. अशा कुटुंबांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. या उत्तरांचा कल एमपीव्हीकडे आहे हे आधीच सांगितलेले बरे. मात्र जेथे एसयूव्ही सरस आहे तेथे तसे स्पष्ट म्हटले आहे.

मिनीव्हॅन, एमपीव्ही आणि एमयूव्ही हे वेगवेगळे प्रकार आहेत का?

व्यवहारात नाहीत. मिनीव्हॅन हा शब्द अमेरिकेतून आला. क्रायस्लर कंपनीने १९८३ च्या अखेरीस मोटारीच्या सांगाड्यावर बांधलेली, सपाट तळाची आणि सरकत्या दाराची कौटुंबिक व्हॅन बाजारात आणली, आणि तेथून हा प्रकार रूढ झाला. आपल्याकडे १९८४ मध्ये आलेली मारुती व्हॅन, म्हणजे पुढे ओम्नी म्हणून ओळखली गेलेली गाडी, सरकत्या दारांची होती. पण शाळेची मुले आणि किराणा माल यांची ने-आण करणारी गाडी म्हणूनच ती बहुतेकांच्या लक्षात राहिली. कुटुंबाने लांबच्या प्रवासाला न्यावी अशी मोठी गाडी खऱ्या अर्थाने २००० साली क्वालिस आणि २००५ साली इनोव्हा यांच्यामुळे घरोघरी माहीत झाली, तर २०१२ मध्ये आलेल्या अर्टिगामुळे ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. विक्रेते या प्रकाराला एमपीव्ही किंवा एमयूव्ही म्हणतात आणि लोक सरळ ‘सेव्हन सीटर’ म्हणतात.

अमेरिकेत ज्याला मिनीव्हॅन म्हणतात तशी सरकत्या दाराची मोठी गाडी भारतात हवी असेल, तर कार्निव्हल किंवा वेलफायर यांच्याकडे पाहावे लागते, आणि त्यांच्या किमती सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहेत. म्हणून पुढील उत्तरांत मारुतीची अर्टिगा, कियाची कॅरेन्स, रेनोची ट्रायबर आणि टोयोटा इनोव्हाचे क्रिस्टा व हायक्रॉस असे दोन प्रकार हेच डोळ्यांसमोर ठेवले आहेत.

सात आसने तर एसयूव्हीलाही असतात. मग फरक नेमका कुठे पडतो?

तिसऱ्या रांगेत, आणि तोही आसनात कमी, आसनाखालच्या जमिनीत जास्त.

एसयूव्ही उंच दिसावी आणि खडबडीत रस्त्यावर चालावी म्हणून तिचा तळ उंच ठेवलेला असतो. स्कॉर्पिओ-एन किंवा फॉर्च्युनरसारख्या गाड्यांत त्या तळाखाली शिडीसारखी जाड चौकटही असते. तळ वर गेला तरी छत त्या प्रमाणात वर नेता येत नाही, कारण गाडी फार उंच केली तर वळणावर डगमगते. परिणामी तिसऱ्या रांगेत आसनाची बैठक आणि पाय ठेवण्याची जागा यांतील अंतर कमी होते, आणि तेथे बसणाऱ्या मोठ्या माणसाचे गुडघे छातीकडे येतात. मांड्यांना खालून आधार मिळत नाही आणि सगळा भार माकडहाडावर पडतो. अर्ध्या तासाने पाय अवघडतात आणि दोन तासांनी कंबर बोलू लागते.

एमपीव्हीची मांडणी उलट दिशेने केलेली असते. बॉनेट आखूड असते, पुढची काच पुढे सरकवलेली असते, चाके जास्तीत जास्त कोपऱ्यांकडे नेलेली असतात आणि तळ खाली असतो. एक तुलना पुरेशी आहे. टाटा सफारीची लांबी ४.६७ मीटर आणि पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर, म्हणजे व्हीलबेस, २,७४१ मिलिमीटर आहे. अर्टिगाची लांबी ४.४ मीटरच्या आसपास असूनही तिचा व्हीलबेस २,७४० मिलिमीटर आहे. सुमारे पाऊण फूट आखूड गाडीत माणसे बसवण्याची लांबी तेवढीच ठेवलेली आहे. सफारीची जास्तीची लांबी प्रामुख्याने नाकात आणि रुबाबात गेली आहे.

आमच्या एका नातेवाइकांच्या सात आसनी एसयूव्हीतून पुण्याहून कोल्हापूरला जाताना आत्याला तिसऱ्या रांगेत बसवले होते. साताऱ्याला चहासाठी थांबलो तेव्हा ती खाली उतरून दाराला धरून काही वेळ तशीच उभी राहिली. गुडघे सरळ होईपर्यंत पाऊल टाकता येईना. परतीच्या वाटेवर तिने सामान मांडीवर घेतले, पण जागा मधल्या रांगेतच धरली.

सातही जण बसल्यावर सामान कुठे ठेवायचे?

हा प्रश्न गाडी घेण्याआधी विचारणारे थोडे आणि पहिल्या सहलीच्या सकाळी विचारणारे पुष्कळ असतात. तिन्ही रांगा उभ्या असताना अर्टिगाच्या डिकीत २०९ लिटर, कॅरेन्सच्या डिकीत २१६ लिटर आणि ट्रायबरच्या डिकीत केवळ ८४ लिटर जागा उरते. विमानात हाती नेता येते ती छोटी बॅग साधारण ४० लिटरची धरली, तर अर्टिगात अशा चार बॅगा उभ्या लावता येतात आणि ट्रायबरमध्ये दोन. बऱ्याच एसयूव्हींमध्ये तिसरी रांग उभी असताना मागचे दार आणि आसनाची पाठ यांच्यामध्ये एक लॅपटॉपची पिशवी कशीबशी उभी राहते.

तेव्हा एमपीव्ही या बाबतीत बरी असली, तरी सात माणसे आणि सात माणसांचे चार दिवसांचे सामान ही मागणी तिलाही जड जाते. गणपतीला कोकणात जाताना कपडे, पूजेचे साहित्य आणि मुलांचा खाऊ कसाबसा मावतो; मे महिन्यात परतताना त्यात आंब्याच्या दोन पेट्या आणि एक फणस आला की गणित कोलमडते. इनोव्हा हायक्रॉससारख्या मोठ्या गाडीत ही ओढाताण बरीच कमी होते. तिसरी रांग दुमडून पाच जण जाणार असतील तर अर्टिगातही ५५० लिटर जागा मोकळी होते. ट्रायबरची तिसरी रांग उचलून पूर्ण बाहेर काढता येते आणि मग ६२५ लिटर जागा मिळते. काढलेली आसने घरात ठेवायची कुठे, हे मात्र आधीच ठरवावे.

सीएनजीची अर्टिगा घेणाऱ्यांनी एक गोष्ट स्वतः डिकी उघडून पाहावी. गॅसची टाकी तिसऱ्या रांगेच्या मागे बसवलेली असल्याने डिकीची जागा बहुतांश तीच घेते. टपावर कॅरियर लावून सामान वर चढवण्याचा मार्ग अनेक जण पत्करतात. त्याने गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि मायलेजही घसरते, म्हणून वर ठेवायचेच असेल तर हलके सामान ठेवावे आणि जड बॅगा आत घ्याव्यात.

घरातील वयस्कर माणसांना कोणती गाडी सोयीची पडते?

गुडघेदुखी असलेल्या माणसाला खोलगट गाडीतून वर उठणे जेवढे त्रासाचे, तेवढेच उंच गाडीत चढणेही त्रासाचे असते. आसन साधारण कंबरेच्या उंचीला आले की माणूस पाठ करून नुसता टेकतो आणि पाय आत घेतो. एमपीव्हीचे आसन बहुतेकांना या उंचीला येते. चौकटीवर बांधलेल्या एसयूव्हीत आधी फूटस्टेपवर पाय, मग वरचा दांडा धरून शरीर ओढणे आणि मग वळून बसणे अशा तीन हालचाली कराव्या लागतात. नऊवारी नेसलेल्या आजीला किंवा हातात काठी असलेल्या आजोबांना प्रत्येक थांब्यावर ही कसरत करायला लावणे बरे नव्हे.

मधल्या रांगेत सलग बाक घ्यावा की दोन स्वतंत्र खुर्च्या, हाही प्रश्न याच विषयातला आहे. स्वतंत्र खुर्च्यांमध्ये मधून वाट राहते आणि मुले आसन न दुमडता तिसऱ्या रांगेत जातात, पण एक माणूस कमी होतो. मुले लहान असतील आणि एकूण माणसे सहाच असतील तर खुर्च्या घ्याव्यात. बाळाला मधे आडवे झोपवायचे किंवा सातवा माणूस नेहमीचाच असेल तर बाक बरा.

मुलांना गाडी लागते. त्यात काही फरक पडेल का?

बऱ्याच अंशी पडतो. उंच गाडी वळणावर जास्त कलते आणि खड्ड्यातून जाताना वरचा भाग बाजूंना हेलकावतो. घाटात हे हेलकावे एकामागून एक येत राहतात. एमपीव्ही जमिनीलगत असल्यामुळे तिचे कलणे कमी असते. दुसरे कारण खिडकीचे आहे. अनेक एसयूव्हींमध्ये खिडकीची खालची कड मागे जाताना वर चढत जाते आणि तिसऱ्या रांगेत हातरुमालाएवढी काच उरते. मुलाला बाहेरचे क्षितिज दिसत नाही, कान मात्र गाडी हलते आहे असे सांगत राहतात, आणि डोळे व कान यांच्या या विसंगतीतूनच मळमळ सुरू होते. एमपीव्हीची मागची काच सहसा मोठी आणि खाली असते.

तरीही कोणत्याही गाडीत तिसरी रांग मागच्या चाकांच्या जवळ किंवा वर येते, त्यामुळे प्रत्येक गतिरोधकाचा दणका तेथे आधी पोहोचतो. ज्या मुलाला हमखास उलटी होते, त्याला मधल्या रांगेतच बसवावे.

आमच्या गावाकडचा रस्ता खराब आहे. एमपीव्ही तेथे चालेल का?

रस्ता किती खराब आहे, यावर उत्तर अवलंबून आहे. खड्डे, गतिरोधक आणि उखडलेले डांबर एवढेच असेल तर चालेल. चालकाने वेग कमी ठेवायला हवा. सात माणसे बसल्यावर गाडी खाली दबते, म्हणून माहितीपत्रकातील ग्राउंड क्लिअरन्सवर, म्हणजे रस्ता आणि गाडीचा तळ यांतील अंतरावर विसंबू नये. गावच्या तोंडाशी असलेला तो एक उंच, उभ्या कडांचा गतिरोधक आठवावा आणि तो तिरका घेता येतो का, याचा विचार करावा.

खरी अडचण चढावरच्या सैल मातीची आहे. अर्टिगा, कॅरेन्स, ट्रायबर आणि हायक्रॉस या गाड्यांची पुढची चाके ओढतात. मागे माणसे आणि सामान भरले आणि गाडी चढाला लागली की भार मागे सरकतो, पुढची चाके हलकी होतात आणि खडीवर किंवा ओल्या जांभ्याच्या मातीवर जागच्या जागी फिरू लागतात. वाडीकडे जाणाऱ्या शेवटच्या चढावर तिघांना उतरवून गाडी वर न्यावी लागल्याचे प्रसंग अनेकांनी अनुभवले आहेत. इनोव्हा क्रिस्टाची मागची चाके ढकलतात, त्यामुळे ती अशा ठिकाणी भरलेली असताना जास्त चांगली चढते.

येथे एक गैरसमजही दूर करावा लागतो. एसयूव्ही म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी, असे मानून लोक पैसे मोजतात. सध्याच्या सफारीलाही पुढच्याच चाकांची ओढ आहे, आणि इतर अनेक एसयूव्हींमध्ये चारही चाकांची सोय फक्त महागड्या प्रकारात मिळते. पावसाळ्यात चिखलाचा कच्चा रस्ता रोजचाच असेल तर चारही चाकांवर चालणारी एसयूव्ही घ्यावी, आणि ती सोय आपण घेत असलेल्या प्रकारात आहे की नाही हे लेखी पाहावे.

भरलेली एमपीव्ही घाट चढते का?

चढते, पण कुरकुरत. सरासरी ६५ किलोची सात माणसे म्हणजे ४५५ किलो. त्यात ७०-८० किलो सामान धरले की अर्धा टनाहून अधिक भार होतो. अर्टिगाचे दीड लिटर पेट्रोल इंजिन १०३ पीएस ताकदीचे आहे आणि ट्रायबरचे एक लिटर इंजिन ७२ पीएसचे. आंबा घाटात किंवा कुंभार्ली घाटात भरलेली ट्रायबर दुसऱ्या गिअरमध्ये, कधी पहिल्या गिअरमध्ये चालवावी लागते आणि ट्रकला मागे टाकण्याचा मोह आवरावा लागतो. या मुद्द्यावर डिझेल एसयूव्ही निर्विवाद सरस आहेत. एमपीव्हीत तशी ओढ हवी असेल तर डिझेल कॅरेन्स किंवा ३४३ न्यूटन-मीटर टॉर्कची (चाके फिरवणाऱ्या जोराची) डिझेल क्रिस्टा पाहावी.

सुरक्षिततेच्या दृष्टीने एसयूव्ही जास्त भरवशाची नाही का?

मोठी आणि उंच गाडी सुरक्षित वाटते. ‘वाटणे’ आणि ‘असणे’ यांत येथे अंतर आहे. एकाएकी वळवावे लागले तर गुरुत्वमध्य वर असलेली गाडी उलटण्याची शक्यता जास्त असते. धडकेत मात्र गाडीच्या प्रकारापेक्षा त्या विशिष्ट गाडीची बांधणी महत्त्वाची ठरते, आणि त्यासाठी चाचणीचे निकाल पाहावेत. भारत एनकॅप ही गाडी धडकवून पाहून तारे देणारी आपली चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. तीत इनोव्हा हायक्रॉसला २०२५ मध्ये पाच तारे मिळाले. नाशिकला तयार झालेल्या महिंद्र मराझ्झो या एमपीव्हीला ग्लोबल एनकॅपच्या जुन्या चाचणीत चार तारे होते, आणि २०२१ मध्ये ट्रायबरलाही प्रौढ प्रवाशांसाठी चार तारे मिळाले. दुसरीकडे, आफ्रिकेत विकल्या जाणाऱ्या भारतीय बनावटीच्या अर्टिगाला २०२४ च्या अधिक कडक चाचणीत प्रौढ प्रवाशांसाठी एकच तारा मिळाला. अर्टिगाचे इतर गुण मान्य करूनही हा निकाल डोळ्यांआड करता येत नाही.

गाडी कोणतीही असो, मागच्या रांगांतील पट्टे बांधणे कायद्याने सक्तीचे आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यातील सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या ज्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, त्यात गाडी महागडी एसयूव्ही होती. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे बांधलेले नव्हते. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना बसवले तर चालकाला १,००० रुपये दंड होतो. सात आसनांच्या गाडीत पट्टे सातच असतात, तेव्हा ‘लहान आहे, मांडीवर बसेल’ म्हणून आठवा जीव आत घेऊ नये.

बाळाचे आसन मधल्या रांगेत आयसोफिक्सच्या, म्हणजे बालआसन अडकवण्यासाठी गाडीतच दिलेल्या खुंट्यांना बसवावे. ते बसवल्यावर त्या बाजूचे मधले आसन दुमडता येत नाही आणि तिसऱ्या रांगेची वाट एकाच बाजूने राहते, हे दोन लहान मुले असलेल्या घराने आधीच अजमावून पाहावे.

कर आणि टोल यांत फरक आहे का?

करासाठी गाडीचे नाव नव्हे, लांबी आणि इंजिन पाहिले जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल वा सीएनजी गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे. त्याहून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के, मग ती एसयूव्ही असो वा एमपीव्ही. त्याआधी अर्टिगावर उपकरासह ४५ टक्के आणि मोठ्या एसयूव्हीवर ५० टक्के कर होता, म्हणजे एमपीव्हीचा तो जुना फायदा आता उरलेला नाही. सात आसने असूनही १८ टक्क्यांत बसणारी गाडी म्हणून ट्रायबर अजून वेगळी ठरते.

महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरील पेट्रोल गाडीला किमतीनुसार ११ ते १३ टक्के आणि डिझेल गाडीला १३ ते १५ टक्के एकरकमी रस्ता कर पडतो. टोलनाक्यावर दोन्ही प्रकार कार-जीप-व्हॅन या एकाच वर्गात मोडतात.

इंधनाचा खर्च?

सारख्या इंजिनाची एमपीव्ही साधारणपणे कमी इंधन पिते, कारण ती हलकी असते आणि हवेला कमी अडते. हायक्रॉसच्या हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरही चालणाऱ्या प्रकाराचे प्रमाणित मायलेज २३.२४ किलोमीटर प्रतिलिटर आहे. प्रत्यक्षात त्याहून कमी मिळते, पण शहरातल्या गर्दीत ही गाडी वारंवार बॅटरीवर चालत असल्याने तेथे तिचा फायदा सर्वांत ठळक दिसतो. वर्षाला सात-आठ हजार किलोमीटरच फिरणाऱ्याने मात्र हायब्रिडची जास्तीची किंमत कधी वसूल होईल याचा हिशेब कागदावर मांडावा.

शहरात चालवायला आणि लावायला एमपीव्ही अवघड जाते का?

अर्टिगा ही क्रेटा या पाच आसनी एसयूव्हीपेक्षा जेमतेम चार बोटे लांब आहे आणि ट्रायबर तर चार मीटरच्या आत आहे. हायक्रॉस ४.७५ मीटर आहे, पण एक्सयूव्ही ७०० ही तितकीच, ४.७ मीटरच्या घरात आहे. मुंबई-पुण्यातील नव्या इमारतींत यांत्रिक पार्किंग असेल तर पाळण्याची उंची आणि वजनमर्यादा सोसायटीकडून विचारून घ्यावी. उंच आणि जड एसयूव्हीला अनेकदा ठरावीकच पाळणे चालतात.

एमपीव्ही म्हणजे टूर्सची गाडी वाटते, त्याचे काय?

वाटते खरी. पिवळ्या पाटीच्या इनोव्हा आणि अर्टिगा रोज दिसतात, म्हणून दारात तीच गाडी नको, असे मुलगा म्हणतो. पण दिवसाला तीनशे किलोमीटर माणसे वाहून पोट भरणारा व्यावसायिक हीच गाडी का निवडतो, हाही विचार करावा. त्याच कारणामुळे सुटे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात आणि जुनी इनोव्हा विकताना भाव चांगला येतो.

अमेरिकेतील मराठी कुटुंबे मिनीव्हॅन का घेतात?

तेथील नियमांप्रमाणे मुले कित्येक वर्षे बालआसनात बसतात, आणि भारतातून आलेले आई-वडील सहा-सहा महिने राहतात. दोन बालआसने मधल्या रांगेत अडकवून आजी-आजोबांना नायगाऱ्यापर्यंत आरामात नेता येईल अशी गाडी हवी असते. सरकत्या दारांमुळे दुकानाच्या वाहनतळावर शेजारच्या गाडीला दार आपटत नाही. टोयोटा सिएना तर २०२१ च्या मॉडेलपासून केवळ हायब्रिडच मिळते. तिकडून आलेल्या भावाने ‘मिनीव्हॅनच घे’ असे सांगितले, तर तो सरकत्या दाराच्या, जवळजवळ दोन मीटर रुंद गाडीबद्दल बोलत असतो, हे ध्यानात घ्यावे. अर्टिगा आणि इनोव्हाची दारे नेहमीसारखी बाहेरच उघडतात.

एमपीव्ही कोणी घेऊ नये?

ज्यांच्या घरात चार माणसे आहेत आणि वर्षातून दोनदाच पाहुणे येतात, त्यांनी. त्या दोन वेळा भाड्याची गाडी करणे स्वस्त पडते. वाट रोजच चिखलाची असणाऱ्यांनीही घेऊ नये, आणि जो माणूस गाडी मुख्यतः एकटाच चालवणार आहे आणि ज्याला उंच बसून चालवण्यातच आनंद आहे, त्यानेही नाही.

टेस्ट ड्राइव्ह घेताना काय पाहावे?

घरातील सगळ्यांना घेऊन जावे. एकट्याने जाऊ नये. घरातील सर्वांत उंच माणसाला पुढे बसवून त्याच्या सोयीने आसन मागे घ्यावे, त्यामागे दुसऱ्याला बसवावे आणि मग तिसऱ्या रांगेत स्वतः बसावे. विक्रेता मधली रांग पुढे सरकवून तिसऱ्या रांगेत भरपूर जागा असल्याचे दाखवतो. ती होती तेथे परत आणून पाहावी. दुपारी जावे, म्हणजे मागच्या रांगेपर्यंत एसीची हवा किती वेळाने पोहोचते ते कळते. घरची सर्वांत मोठी बॅग सोबत न्यावी आणि तिन्ही रांगा उभ्या ठेवून डिकीचे दार लावून बघावे. आजीला तिच्या नेहमीच्या जागी बसवून एक फेरी मारावी, आणि ती उतरताना कोणी हात देऊ नये.